एका नावाखालची दोन कुळे

अमेरिकेच्या शिक्षणधोरणात दोन्ही पक्षांचे एकमत व्हावे अशा गोष्टी आता फारशा उरलेल्या नाहीत. ड्युअल एन्रोलमेंट ही त्या उरलेल्यांतली एक. हायस्कूलमध्ये असतानाच मुलाने जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय घ्यायचे; विषय एकच, पण त्याने शाळेची अटही पुरी होते आणि कॉलेजची क्रेडिटही खात्यावर जमा होतात. टेक्सास आणि कॅलिफोर्निया यांचे एरवी कशावर म्हणून पटत नाही, पण इथे दोन्ही राज्यांचा हात सढळ आहे. २०२२-२३ या एका शैक्षणिक वर्षात देशभरातल्या सुमारे २५ लाख हायस्कूल विद्यार्थ्यांनी कॉलेजचा निदान एक विषय घेतला. कम्युनिटी कॉलेजांच्या पटावरचा जवळजवळ दर पाचवा विद्यार्थी आज शाळेतलाच आहे. शाळा आणि कॉलेज यांची भागीदारी उभी राहावी म्हणून राज्ये स्वतंत्र अनुदानेही देऊ लागली आहेत. कॅलिफोर्नियाने २०२२च्या अर्थसंकल्पात यासाठी एकरकमी २० कोटी डॉलर बाजूला काढले.

आधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडायला हवा. आमदार, कॉलेजांचे अध्यक्ष आणि जिल्ह्यांचे शाळाधिकारी यांचे म्हणणे असे: पहिले, यात घरांचे पैसे वाचतात आणि मुलांची वर्षे वाचतात. दुसरे, संशोधनाने हे सिद्ध झाले आहे. अशी मुले कॉलेजात जास्त जातात आणि पदवीपर्यंत जास्त पोचतात. तिसरे, ज्यांच्या घरात कॉलेजचे तोंड कुणी पाहिलेले नाही त्यांना याने दार उघडते. म्हणून अनुदान वाढवा, जागा वाढवा, आणि दरसाल किती हजारांची भर पडली ते जाहीर करा.

यातले एकही विधान निखालस खोटे नाही, आणि म्हणूनच खंडन जरा अवघड आहे. तिन्ही विधाने आपापल्या जागी खरी आहेत. पण ती तीन वेगवेगळ्या गोष्टींबद्दल खरी आहेत, आणि अनुदान मागताना ती एकाच गोष्टीच्या नावावर चढवली जातात.

मराठी वाचकाला इथे एक घोटाळा होण्याचा संभव आहे, तो आधीच दूर करू. हे म्हणजे आपले कनिष्ठ महाविद्यालय नव्हे. आपल्याकडे अकरावी-बारावीची मुले कित्येकदा पदवी महाविद्यालयाच्याच इमारतीत बसतात, पण अभ्यासक्रम शालेय, परीक्षा राज्य मंडळाची, आणि पदवीच्या खात्यावर जमा शून्य. तिकडे बरोबर उलटे घडते. मूल बहुधा आपल्याच शाळेच्या वर्गात, ओळखीच्याच शिक्षिकेपुढे बसलेले असते आणि गुणपत्रक मात्र कॉलेजचे निघते. शाळेपासून विद्यापीठापर्यंत श्रेयांकांचे एकच खाते चालवण्याची भाषा २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्याने आपल्याकडेही आणली आहे. तेव्हा तिकडचा हा वाद अगदीच परका मानण्याचे कारण नाही.

बचतीचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत कच्चा आहे. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजची राज्यातल्या रहिवाशांसाठीची फी एका युनिटला ४६ डॉलर आहे. तीन युनिटांचा एक विषय १३८ डॉलरला पडतो. दोन वर्षांच्या पदवीची साठ युनिटे धरली तरी २,७६० डॉलर. ज्यांचे उत्पन्न कमी आहे त्यांची ही फीदेखील राज्याच्याच योजनेतून माफ होते, आणि वरखर्चाला केंद्राची पेल ग्रँट असते. म्हणजे गरीब घरातल्या मुलाने हाच विषय बारावीनंतर घेतला असता तरी त्याला बहुधा फी पडली नसती. बचत होते ती ज्याने एरवी फी भरली असती त्याची. ‘हजारो डॉलर वाचले’ हा आकडा येतो तो हीच युनिटे चार वर्षांच्या विद्यापीठाच्या दराने मोजल्यावर. पण ती युनिटे विद्यापीठात नुसती स्वीकारली जाणे आणि त्यांनी पदवीचे एखादे सत्र कमी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीने अकरावी-बारावीत मानसशास्त्र, समाजशास्त्र आणि ‘कॉलेजात यशस्वी कसे व्हावे’ छापाचा एखादा विषय केला, तर नोंद होते, कौतुकही होते. कॅल्क्युलस आणि फिजिक्सची साखळी मात्र जिथल्या तिथेच उभी असते. या क्षेत्रातले अभ्यासक याला दिशाहीन, सुटेसुटे ड्युअल एन्रोलमेंट म्हणतात, आणि त्यांच्या लेखी हा अपवाद नसून नेहमीचा प्रकार आहे. शिवाय विषय गळाला तर ती नोंदही कॉलेजच्या कायमच्या गुणपत्रकावर राहते. सोळाव्या वर्षीचा ‘एफ’ विसाव्या वर्षी विद्यापीठात बदलीचा अर्ज करताना समोर येतो. हा तोटा बचतीच्या तक्त्यात कुणी धरत नाही.

आता पुराव्याकडे. इथे जरा रेंगाळावे लागेल, कारण सगळा घोळ इथेच आहे.

ड्युअल एन्रोलमेंट या नावाखाली दोन वेगळी कुळे नांदतात. पहिल्याचा उगम १९७४चा, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या लाग्वार्डिया कम्युनिटी कॉलेजातला. जॅनेट लीबरमन यांनी तिथे ‘मिडल कॉलेज हायस्कूल’ सुरू केले: कॉलेजच्या आवारातच एक छोटे हायस्कूल. ते हुशार मुलांसाठी नव्हते. शाळा सोडून देण्याच्या बेतात असलेल्यांसाठी होते. तर्क असा होता की जे मूल शाळेला कंटाळले आहे त्याला थोडी मोठी, थोडी मोकळी जागा द्यावी, पण भोवती भरपूर माणसे ठेवावीत. २००२मध्ये गेट्स फाउंडेशनने ‘अर्ली कॉलेज हायस्कूल’ या नावाने हाच विचार देशभर नेला, तेव्हाही भर अल्प उत्पन्नाच्या आणि पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांवरच होता. या शाळा छोट्या असतात, नववीपासून आखलेल्या असतात, आणि समुपदेशन हा त्यांच्या वेळापत्रकाचाच भाग असतो.

दुसऱ्या कुळाचा जन्म १९८५चा, मिनेसोटातला. गव्हर्नर रूडी पर्पिच यांनी अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे विषय घेण्याचा हक्क देणारा कायदा करून घेतला. राज्याचा पैसा मुलामागून कॉलेजकडे जाणार. ही शाळासुधारणेची योजना कमी आणि निवडस्वातंत्र्याची अधिक होती. शाळेची मक्तेदारी मोडावी, स्पर्धा यावी, तयारीच्या मुलाने अडकून पडू नये, असा तिचा रोख. वॉशिंग्टन राज्याची १९९०ची ‘रनिंग स्टार्ट’ याच वळणाची. योजना चांगल्याच आहेत. पण त्या ज्याला वाट ठाऊक आहे त्याच्यासाठी आहेत.

आज जी पंचवीस लाखांची गर्दी आपण मोजतो ती जवळजवळ सगळी दुसऱ्या कुळातली. आणि अनुदानाच्या प्रस्तावांना जोडला जाणारा भक्कम पुरावा पहिल्या कुळातला.

हे नुसते शब्दांचे भांडण नव्हे. अमेरिकन इन्स्टिट्यूट्स फॉर रिसर्च या संस्थेने अर्ली कॉलेजांच्या प्रवेश-सोडतींचा आधार घेऊन मुलांचा माग काढला. सोडत हा इथे कळीचा शब्द आहे. नाव निघालेली आणि न निघालेली अशी दोन्ही मुले अर्ज करणारीच होती. हुशारी, घरची आस्था, चिकाटी यांत दोन्ही गट सारखे. हायस्कूल संपण्याच्या अपेक्षित वर्षानंतर सहा वर्षांनी, नाव निघालेल्यांपैकी ३०.१ टक्क्यांकडे चार वर्षांची पदवी होती, न निघालेल्यांपैकी २४.९ टक्क्यांकडे. दोन वर्षांची पदवी वा प्रमाणपत्र यांत तर अंतर २९.३ आणि ११.१ इतके. याच संस्थेच्या हिशेबानुसार या शाळांचा जादा खर्च दर मुलामागे वर्षाला सुमारे ९५० डॉलर होता, आणि आयुष्यभरातला लाभ त्याच्या कितीतरी पट. शिक्षणक्षेत्रात इतके स्वच्छ निष्कर्ष क्वचित हाती लागतात, आणि मी ते मनापासून मानतो.

पण मग ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ या केंद्रीय छाननी-यंत्रणेचा २०१७चा अहवाल उघडून पाहावा. ड्युअल एन्रोलमेंट प्रभावी आहे असे सांगताना आजही त्याचाच दाखला दिला जातो. कसोटीला उतरलेले अभ्यास त्यात पाच आहेत. त्यांतले दोन सोडतीवर उभे असलेले खरे प्रयोग, आणि ते दोन्ही अर्ली कॉलेजांवरचे. उरलेल्या तिघांत घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांची, संख्याशास्त्राने शक्य तेवढी सारखी करून, तुलना आहे. तुलना कितीही सफाईने केली तरी एक गोष्ट तिच्या कक्षेबाहेर राहते: अकरावीत आपण होऊन कॉलेजचा विषय मागणारे मूल मुळातच कॉलेजकडे निघालेले असते. अशी पाचांतली चार मुले पुढे कॉलेजात जातात असे आकडे दाखवले की टाळ्या पडतात. त्यांतली किती एरवी गेलीच नसती, हे ते आकडे सांगू शकत नाहीत.

दुसऱ्या कुळाजवळ जाईल असा खरा प्रयोग टेनेसीत झाला. स्टीव्हन हेमेल्ट, नॅथॅनिएल श्वार्ट्झ आणि सुझन डायनार्स्की यांनी शंभरावर हायस्कूलांत, कोणत्या शाळेला प्रगत बीजगणिताचा ड्युअल-क्रेडिट विषय द्यायचा हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरवून, त्याचा परिणाम मोजला. निष्कर्ष मिश्र निघाले. मुले शाळेतच गणिताच्या वरच्या विषयांकडे वळली, ही जमेची बाजू. एकूण कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या मात्र जाणवण्याइतकी हलली नाही. काही मुले दोन वर्षांच्या कॉलेजऐवजी चार वर्षांच्याकडे गेली, इतकेच. एक सुटा विषय एवढेच करू शकतो, आणि त्यात त्याचा कमीपणा नाही. कमीपणा आहे तो अर्ली कॉलेजचा निष्कर्ष त्या सुट्या विषयाच्या नावावर लिहिणाऱ्यांचा.

समतेच्या मुद्द्याकडे येऊ. कॅलिफोर्नियाचा २०१५चा कायदा, एबी २८८, या बाबतीत मला फार आवडतो. शाळा-जिल्हा आणि कॉलेज-जिल्हा यांनी औपचारिक करार करावा, फी घेऊ नये, वर्ग शाळेच्या आवारात आणि फक्त शाळेच्या मुलांसाठी भरवायला मुभा असावी, अशी तरतूद त्याने केली. हेतूही स्पष्ट लिहिला: ही वाट मुख्यतः त्यांच्यासाठी, जे अजून कॉलेजच्या वाटेवर नाहीत किंवा उच्च शिक्षणात ज्यांचे प्रमाण कमी आहे. एकाच तासाचे पैसे राज्याकडून दोघांनी घेऊ नयेत, हेही बजावले. इतका नेमका कायदा क्वचित होतो.

प्रत्यक्षात मात्र योजनेचे पाणी उताराकडे धावते. कॅलिफोर्निया विद्यापीठ आपल्याला मान्य असलेल्या कॉलेज-विषयांना प्रवेशाच्या गुणसरासरीत जादा वजन देते. कूपर्टिनोतल्या डी अँझा किंवा फ्रीमाँटच्या ओलोनी कॉलेजचा उन्हाळी वर्ग त्यामुळे सिलिकॉन व्हॅलीतल्या पालकांच्या आखणीत सहज बसतो, आणि त्या पालकांत मराठी घरेही पुष्कळ. त्यांत गैर काही नाही. आईबापांनी मुलासाठी वाट शोधली तर त्यांना नावे कशाला ठेवायची? पण त्या मुलाने घेतलेली जागा ‘संधीची दरी भरून निघाली’ या सदरात मोजू नये, एवढेच. सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या केंद्रीय ‘जीएओ’ने २०१८च्या अहवालात नोंदवले होते की ज्या शाळांत गरीब मुले अधिक आणि ज्या शाळा लहान, तिथे कॉलेजची तयारी करून देणारे विषयच कमी असतात. पुस्तके, बस, प्रयोगशाळेची फी, प्रवेशाआधीची चाचणी या प्रत्येक पायरीवर काही मुले गळतात. आणि पेल ग्रँट हायस्कूलमध्ये असलेल्याला मिळत नाही. २०१६मध्ये ४४ संस्थांत ती देऊन पाहण्याचा प्रयोग झाला, तो प्रयोगच राहिला.

तर मग अनुदाने बंद करावीत का? तसे म्हणणारा दुसरा पक्षही आहे, आणि तो पहिल्याइतकाच उतावीळ आहे. पेनसिल्व्हेनियाने २०११-१२मध्ये आपले ड्युअल एन्रोलमेंट अनुदान अर्थसंकल्पातून काढूनच टाकले. जॉर्जियाने आधी दारे सताड उघडली, खर्च आवाक्याबाहेर गेल्यावर २०२०मध्ये कायदा करून एका मुलाला राज्याच्या पैशातून ३० क्रेडिट-तासांची मर्यादा घातली आणि धाकट्या वर्गांचा प्रवेश बराच आवळला. पैसा काढून घेतला की आधी कोण बाहेर पडतो हे सांगायला संशोधन लागत नाही. ज्याचे वडील १३८ डॉलर भरू शकतात तो नाही.

इथून माझी बाजू. फी आणि शिकवण्याचा खर्च या दोन गोष्टी बहुतेक राज्यांत नेहमीच्या निधीसूत्रांतून, कमीअधिक रीतीने, भागतात. कॅलिफोर्नियात किमान शाळावेळ पाळला तर शाळेला हजेरीचा पैसा मिळतोच, आणि कॉलेजला शिकवलेल्या तासांचा. मग स्वतंत्र अनुदानाचे काम काय? त्या सूत्रांना जे दिसत नाही ते विकत घेणे. शाळा आणि कॉलेज यांच्यामधल्या जागेत जे काम आहे ते दोघांपैकी कुणाच्याच पटावर नाही. कुठल्या मुलाने कुठला विषय कुठल्या क्रमाने घ्यायचा, तो पुढच्या विद्यापीठात कुठे बसतो, मूल तिसऱ्या आठवड्यात मागे पडले तर कुणी कुणाला फोन करायचा, हे ते काम. अमेरिकेतल्या शाळा-समुपदेशकांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस एका समुपदेशकामागे २५० मुलांची आहे. कॅलिफोर्निया त्या आकड्याच्या पुष्कळ वर आहे. त्या समुपदेशकाला कॉलेजच्या विषय-सूचीचा आणि बदलीच्या नियमांचा अभ्यास करायला वेळ कुठून मिळणार?

शिक्षकांची गोष्ट याहून ठोस आहे. अमेरिकेच्या मध्यभागातल्या बहुतेक राज्यांतल्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या हायर लर्निंग कमिशनने २०१५मध्ये बजावले की कॉलेजचा विषय शाळेत शिकवणाऱ्यालाही त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी, किंवा दुसऱ्या विषयातली तशी पदवी असल्यास या विषयाची १८ पदव्युत्तर क्रेडिट हवीत. अध्यापनशास्त्रातली मास्टर्स असलेली, वीस वर्षे गणित शिकवणारी बाई त्यात नापास ठरली. मुदती वाढत गेल्या, पुढे चौकटही काहीशी सैल झाली. पण लहान गावांतल्या हायस्कूलांची अडचण तीच राहिली: मुले आहेत, वर्ग आहे, कॉलेजची सहीही आहे, नियमात बसणारा शिक्षक नाही. तिथल्या शिक्षकांची १८ क्रेडिट अनुदानातून करून दिली तर ते पुढची पंधरा-वीस वर्षे दरसाल वर्ग चालवतात. शंभर मुलांची एका सत्राची फी भरण्यापेक्षा हा खर्च मला केव्हाही शहाणपणाचा वाटतो, जरी त्याने वर्षअखेरच्या प्रसिद्धिपत्रकात सांगण्याजोगे काही हाती येत नसले तरी.

कॅलिफोर्नियाच्या २० कोटींची रचना या दृष्टीने अर्धी बरोबर होती. अर्ली वा मिडल कॉलेज आखायला आणि उभारायला अडीच लाख डॉलरपर्यंत, एबी २८८च्या धर्तीचा करार उभा करायला एक लाखापर्यंत, आणि समुपदेशन व साहाय्य यांची जोड हवी असा आग्रह. म्हणजे पैसा जागेसाठी नव्हता, भागीदारीसाठी होता. चूक होती ती ‘एकरकमी’ या एका शब्दात. एकरकमी पैशातून आराखडा होतो, सल्लागार येतो, करारावर सह्या होतात. समुपदेशकाचा पगार मात्र दरमहा द्यावा लागतो. राज्यातल्या ११६ कम्युनिटी कॉलेजांच्या प्रमुख, मूळच्या केरळच्या सोन्या क्रिश्चन, यांनी २०२३च्या आपल्या ‘व्हिजन २०३०’मध्ये नववीपासून सुरुवात करून प्रत्येक मुलाने हायस्कूल संपेपर्यंत निदान १२ युनिटे मिळवावीत असे उद्दिष्ट ठेवले आहे. महत्त्वाकांक्षा मोठी आहे. मात्र त्या बारा युनिटांचा एकमेकांशी आणि पुढच्या पदवीशी संबंध असावा ही अट उद्दिष्टाइतक्याच ठळक अक्षरांत हवी. टेक्सासने २०२३च्या एचबी ८ कायद्यात हेच साधले: कॉलेजांना पैसे मिळणार ते प्रवेशावर नव्हे, तर पदवी वा व्यवसाय-अभ्यासक्रमाच्या आवश्यकतेत बसणारी निदान १५ सत्र-तासांची मालिका पूर्ण करणाऱ्या मुलांमागे. सोबत ‘फास्ट’ योजनेतून गरीब मुलांची फी पूर्ण माफ. निकालावर पैसे दिले की कॉलेजे हमखास पार होणारीच मुले निवडतील, हा आक्षेप खरा आहे. फीमाफीची जोड त्याचा अर्धाच बंदोबस्त करते. उरलेल्या अर्ध्यासाठी, कुठल्या शाळांतली मुले मालिकेच्या पहिल्या विषयात आली आणि कुठल्या शाळांतली शेवटच्यापर्यंत टिकली, हे शाळावार जाहीर करण्याची सक्ती हवी.

राहिला शेवटचा आक्षेप, आणि तो मी टाळणार नाही: अशा रीतीने पैसा खर्च केला तर मुलांची संख्या घटेल. घटेल. हिशेबच करू. अर्ली कॉलेजचा जादा खर्च वर्षाला ९५० डॉलर हा अभ्यासातला आकडा, जुन्या किमतींचा आणि इतर राज्यांतला, पण अंदाजाला पुरे. २० कोटींत त्यातून सुमारे २ लाख १० हजार विद्यार्थी-वर्षे निघतात. नववी ते बारावी चारही वर्षे धरली तर साधारण ५२ हजार मुले. कॅलिफोर्नियाच्या सरकारी शाळांत सुमारे ५८ लाख मुले आहेत; त्यापुढे हा आकडा नगण्य वाटेल. तेवढ्याच पैशात सुट्या विषयांच्या जागा याच्या कितीतरी पट दाखवता येतील, आणि दाखवल्याही जातील. पण ती ५२ हजार मुले एबी २८८ने नाव घेऊन सांगितलेल्या घरांतली असली, तर सोडतीचा पुरावा त्यांच्या बाजूने उभा आहे. उरलेल्या गर्दीच्या बाजूने असा पुरावा कुणी आणलेला नाही. अनुदानाच्या पुढच्या अर्जासोबत तो मागायला हरकत नसावी.